शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीचा शेवट: जयजयकार की सक्ती? आणि आपल्या बंदिशींचे काय?

रावपुरा_श्रोता

नमस्कार. बडोद्यात आम्ही आठ-दहा जण गेली काही वर्षे महिन्यातून एकदा दांडियाबाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर जमतो आणि दोन तास ध्वनिमुद्रणे ऐकतो. बहुतेक वेळा ख्याल आणि ठुमरी, आणि गाव बडोदे असल्यामुळे फैयाझ खाँसाहेब तर हटकून. गेल्या महिन्यात मात्र आमच्यातल्या सर्वांत तरुण सभासदाने दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची १९३७ सालची पाचवी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना) लावली, आणि ऐकण्याआधी तिच्याविषयी एक शब्दही सांगायचा नाही, असे ठरवूनच तो आला होता.

पाऊण तासाने शेवटचा भाग संपला. नगारे, तुताऱ्या आणि व्हायोलिनींचा एवढा गजर झाला होता की खालच्या दुकानदाराने वर डोकावून पाहिले. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त बँक अधिकारी काकांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा! विजय असावा तर असा." त्यावर त्या तरुणाने शांतपणे सांगितले की हा विजय नसून दरडावून करून घेतलेला जयजयकार आहे, कारण ज्या महिन्यांत ही रचना लिहिली गेली त्या महिन्यांत रचनाकार स्वतःच्या अटकेची वाट पाहत होता. काकांना ते मुळीच पटले नाही. "हे तू सांगितलेस म्हणून. माझ्या कानाला तर कुठे भीती ऐकू आली नाही. उद्या तू सांगशील की भूप रागात दुष्काळ आहे, तर तोही ऐकायचा का?" वाद एवढा वाढला की दुसरी ध्वनिफीत ऐकायची राहूनच गेली.

मला दोघांचेही थोडे थोडे पटते आहे, आणि हीच माझी अडचण आहे. राजकारणाचा परिणाम संगीतरचनेवर होतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण तो परिणाम नेमका कुठे होतो? स्वरांवर, लयीवर, की केवळ कार्यक्रमपत्रिकेवर छापलेल्या चार ओळींवर? इतिहास अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला तो निव्वळ कानाने ओळखता येईल का? आणि जाता जाता आणखी एक शंका: आपल्याकडे गायक स्वतःच बऱ्याच अंशी रचनाकार असतो आणि बंदिश तर चार ओळींची असते, मग अशा संगीतात राजकारणाला शिरायला जागा तरी कुठून मिळते? जाणकारांनी, विशेषतः पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी वाचता येणाऱ्यांनी, सविस्तर लिहावे, ही विनंती.

मंद्रपंचम

श्रोतेमहाशय, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न मोठमोठ्या समीक्षकांनीही इतक्या नेमकेपणाने क्वचितच विचारला असेल. मी व्हायोलिन वाजवतो, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलो आणि नंतर आपल्या संगीताकडे वळलो, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे सांगू शकेन.

आधी घटना क्रमाने पाहू. शोस्ताकोविच यांचा जन्म १९०६ सालचा. १९३४ साली त्यांचा 'म्त्सेन्स्क जिल्ह्यातील लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि दोन वर्षे तो गाजत होता. २६ जानेवारी १९३६ रोजी मॉस्कोत स्टालिन तो पाहायला आले, आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात एक निनावी लेख छापून आला. त्याचा मथळा मराठीत सांगायचा तर 'संगीताऐवजी गोंधळ' असा होतो. त्या काळी अशा लेखाखाली सही नसणे हे सही असण्यापेक्षा जास्त भयंकर असे, कारण मग तो एका माणसाचा अभिप्राय उरत नसे, तो सरकारचा असे. ऑपेरा बंद पडला. त्या वर्षाच्या अखेरीस चौथ्या सिंफनीच्या तालमी चालू असतानाच शोस्ताकोविच यांनी ती मागे घेतली. ती लोकांना ऐकायला मिळाली थेट १९६१ साली. पाचवी सिंफनी त्यांनी १९३७च्या एप्रिल ते जुलैमध्ये लिहिली, आणि त्यांचे एक मोठे आश्रयदाते मार्शल तुखाचेव्स्की यांना गोळ्या घातल्या गेल्या त्या जूनमध्ये. बहिणीच्या यजमानांना अटक झाली आणि बहिणीला हद्दपार करण्यात आले, तीही याच सुमारास.

आता स्वरांकडे येऊ, कारण काकांना स्वरांतलाच पुरावा हवा आहे. चौथ्या भागाच्या आरंभी पितळी वाद्ये जी धून गर्जून वाजवतात तिचे पहिले चार स्वर, सिंफनीचा मूळ स्वर षड्ज धरला तर, मंद्र पंचम, षड्ज, ऋषभ आणि कोमल गांधार (खालचा प, सा, रे, कोमल ग) असे आहेत. पेटीवर वाजवून पाहा. चाल आक्रमक असली तरी कोमल गांधारामुळे तिला एक काळी कड आहे. याच भागाच्या अखेरीस तीच धून पुन्हा येते, पण आता गांधार शुद्ध झालेला असतो. काळोखातून उजेडात, असा तो साधा हिशेब. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीपासून हा हिशेब लोकांना ओळखीचा आहे आणि सरकारलाही तो आवडतो. पण तेवढ्यावर थांबू नका. वर ती उजळलेली धून चालू असताना व्हायोलिनी काय करतात ते ऐका: त्या एकच पंचम ठोकत राहतात. खाली नगाऱ्यांवर षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम, एवढेच. आपण तानपुऱ्यात सतत पंचम ऐकतोच, पण तो छेडलेला असतो आणि त्यात बसायला आपल्याला जागा मिळते. इथे मात्र हातोडी पडल्यासारखा तोच स्वर पडत राहतो आणि कान आत घ्यायलाच तयार होत नाही. एवढा मोठा ताफा मिळून आनंद करतो आहे आणि धुनेला पुढे जायला वाटच उरलेली नाही. हे मला इतिहास कळण्याआधीच खटकले होते, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि स्टालिनविषयी मला परीक्षेपुरतेच ठाऊक होते.

दुसरी गोष्ट लयीची. या शेवटच्या भागासाठी लिहिलेली लयीची खूण वेगवेगळ्या मुद्रित प्रतींत एकसारखी नाही. एका प्रतीप्रमाणे वाजवले तर जी गती येते तिच्या जवळजवळ निम्मी गती दुसरीप्रमाणे येते. वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांचे १९५९चे ध्वनिमुद्रण भरधाव धावते आणि खरोखर विजययात्रेसारखे वाटते. शोस्ताकोविच यांचे विद्यार्थी आणि स्नेही, पुढे देश सोडावा लागलेले रोस्त्रोपोविच, तोच शेवट इतका ओढत नेतात की मिरवणुकीतल्या माणसांच्या पायांत बेड्या आहेत की काय असे वाटावे. स्वर तेच आहेत, लय मात्र दुणीची विलंबित झाली आहे. तुमच्या बैठकीत कोणते ध्वनिमुद्रण लावले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला दाट संशय आहे की ते जलद होते, आणि तसे असेल तर काका त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्या पहिल्या चार स्वरांची जडणघडण शोस्ताकोविच यांनी त्याच काळात पुश्किनच्या एका कवितेला लावलेल्या चालीच्या आरंभाशी जुळते. त्या कवितेत एक रानटी चित्रकार एका प्रतिभावंताच्या चित्रावर स्वतःचे रेघोटे ओढून ते काळे करतो, आणि वर्षे लोटल्यावर तो परका रंग खपल्यांसारखा गळून मूळ चित्र पुन्हा दिसू लागते. शेवटच्या गजराच्या थोडे आधी, जिथे सगळे शांत होते तिथे, त्याच गीताच्या साथीतली हलती आकृती व्हायोलिनींवर आणि मग हार्पवर येते. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडच्या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांना हे कळणे शक्यच नव्हते, कारण ते गीत तोवर जाहीरपणे गायले गेलेले नव्हते. म्हणजे ही खूण त्यांनी कुणासाठी ठेवली? बहुधा स्वतःसाठी. मला हे वाचून आपल्याकडचे जुने पाथरवट आठवले. मंदिराच्या ज्या बाजूकडे कुणी पाहणार नाही तिथेही ते कोरून ठेवतात.

त्या रात्री लोक रडले ते मात्र गजराच्या वेळी नव्हे, तिसऱ्या, संथ भागात. त्या संपूर्ण भागात पितळी वाद्ये गप्प आहेत. ज्यांच्या घरची माणसे रात्री उचलून नेली गेली होती आणि ज्यांना त्यांचा शोक उघडपणे करण्याची मुभा नव्हती, त्यांना सरकारमान्य सभागृहात, सरकारमान्य रचनेच्या निमित्ताने, एकत्र रडता आले. राजकारण संगीतात काय करते, या प्रश्नाचे माझ्या लेखी हेही एक उत्तर आहे.

शंकेखोर

मंद्रपंचम यांनी सुरेख लिहिले आहे, तरीही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे, कारण अशा चर्चेत एकदा 'गुप्त अर्थ' सापडू लागले की ते थांबत नाहीत.

शोस्ताकोविच वारल्यानंतर चार वर्षांनी, १९७९ साली, त्यांच्या म्हणून सांगितलेल्या आठवणींचे एक पुस्तक अमेरिकेत निघाले. त्यात या शेवटाविषयी, हा आनंद धाकाखाली केलेला आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे, आणि तेव्हापासून सारे जग तो शेवट तसाच ऐकू लागले. परंतु त्या पुस्तकातला किती मजकूर खरोखर त्यांचा, यावर अभ्यासकांत आजवर तुंबळ वाद आहेत. त्याआधीची चाळीस वर्षे असंख्य श्रोत्यांनी तुमच्या काकांप्रमाणेच विजय ऐकला, ते सगळे बहिरे होते का? आणि दुसरीकडे पाहावे, तर 'न्याय्य टीकेला एका सोव्हिएत कलावंताने दिलेले सर्जनशील उत्तर' ही जी बिरुदावली या सिंफनीला चिकटली ती एका पत्रकाराची. शोस्ताकोविच यांनी ती नाकारली नाही एवढेच. म्हणजे सरकारी अर्थही बाहेरून चिकटवलेला आणि विरोधाचा अर्थही पुष्कळसा बाहेरून चिकटवलेला.

सत्तेला संगीतात जे पकडता येते ते शब्द, शीर्षक आणि अर्पणपत्रिका. बीथोव्हेनने तिसऱ्या सिंफनीच्या मुखपृष्ठावरचे बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खरवडले की कागदाला भोक पडले. ते हस्तलिखित व्हिएन्नात आजही आहे. पण नाव गेल्यावर आतला एकही स्वर बदलला नाही. नेपोलियन सम्राट झाला म्हणून सिंफनीतला शोकयात्रेचा भाग अधिक खिन्न झाला, असे म्हणता येईल काय? म्हणून माझे म्हणणे असे की राजकारणाचा खरा परिणाम पाहायचा असेल तर एका रचनेच्या पोटात शिरून खुणा शोधू नयेत. त्याऐवजी रचनाकाराने काय लिहायचे सोडून दिले ते मोजावे.

मंद्रपंचम

शंकेखोर, शेवटच्या वाक्यावर आपली गाठ पडली. १९३६ नंतर शोस्ताकोविच यांनी पुन्हा एकही गंभीर ऑपेरा पूर्ण केला नाही, आणि ज्याने तिशी गाठण्यापूर्वी दोन ऑपेरे रंगमंचावर आणले त्याच्या बाबतीत हे रिकामेपण फार बोलके आहे. १९४८ साली पक्षाने पुन्हा एकदा ठराव करून त्यांच्यासह अनेकांना झोडपले, तेव्हा तर त्यांचे लेखन दोन खणांत विभागले गेले. वरच्या खणात चित्रपटांचे संगीत आणि १९४९ सालचे, सरकारी वनीकरण योजनेचे गोडवे गाणारे समूहगान, ज्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. खालच्या, कुलूप लावलेल्या खणात पहिला व्हायोलिन कन्चेर्तो (व्हायोलिन पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना) आणि ज्यू लोककवितांवरची गीते. ही दोन्ही १९५५ साली, म्हणजे स्टालिन वारल्यावर दोन वर्षांनी लोकांसमोर आली. मी तो कन्चेर्तो वाजवण्याचा प्रयत्न केलेला आहे (प्रयत्नच), आणि एका माणसाने एकाच टेबलावर हे दोन्ही लिहिले असेल, यावर विश्वास बसत नाही.

अर्पणपत्रिकेविषयी मात्र एक गंमत सांगतो. त्यांची आठवी तंतुचौकडी (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) १९६० साली तीन दिवसांत लिहून झाली, आणि ती अर्पण केली आहे 'फॅसिझम व युद्ध यांच्या बळींना'. सरकार खूष. पण ती ज्या चार स्वरांनी सुरू होते ते जर्मन पद्धतीने त्यांच्याच नावाची आद्याक्षरे होतात; षड्जाच्या जागी पेटीची पांढरी एक धरली तर ऋषभ, कोमल गांधार, षड्ज आणि मंद्र शुद्ध निषाद. ही चौकडी आपण स्वतःच्याच स्मृतीसाठी लिहिली, असे त्यांनी एका मित्राला पत्रातून कळवले होते. ज्या वर्षी त्यांना कम्युनिस्ट पक्षात दाखल व्हावे लागले, त्याच वर्षीची ही गोष्ट. तेव्हा खुणा शोधू नयेत हे खरे, पण रचनाकारानेच आपले नाव स्वरांत लिहून ठेवले असेल तर ते वाचणे आपल्याला भाग आहे. (आपल्या कानाला त्या चार स्वरांत पिलूची झाक लागते, हा निव्वळ योगायोग, पण एकदा लागली की जात नाही.)

सुरसागरकाठ

आपला धागा आज सकाळी वाचला. मी बडोद्यातच आयुष्यभर गाणे शिकवले, आता निवृत्त आहे. रशियन संगीतावर बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु श्रोतेमहाशयांनी जाता जाता जी शंका विचारली आहे ती माझ्या अंगणातली आहे. बंदिश चार ओळींची असते, तिच्यात राजकारणाला जागा कुठून मिळणार, असे आपण विचारले. अहो, आपण रोज बादशहाचे नाव गातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

सदारंगांच्या बंदिशी घ्या. सदारंग म्हणजे नियामत खाँ, दिल्लीचा बादशहा महंमदशहा याच्या दरबारातले. त्याची कारकीर्द १७१९ ते १७४८. कितीतरी अंतऱ्यांत 'महंमदशा' आणि 'सदारंगीले' अशी जोडनावे येतात. पिढ्यानपिढ्या तोंडी जाताना त्या नावाचा 'मम्मदसा' झाला, आणि माझ्या वर्गातली मुले तो एखाद्या कृष्णभक्ताचा उद्गार असावा अशा श्रद्धेने घोळवून म्हणत असत. एकदा एका मुलीने अर्थ विचारला म्हणून मी सांगितला, तर ती हिरमुसली. "सर, मी तर डोळे मिटून म्हणत होते," असे म्हणाली. मी तिला म्हटले की डोळे मिटूनच म्हण, पण ते नाव समेच्या जवळ कुठे बसवले आहे ते पाहा. आश्रयदात्याचे नाव नेमके तिथे ठेवणे, जिथे श्रोत्याची मान हलते, हेसुद्धा रचनाकौशल्यच आहे. राज्य गेले, वंश गेला, मीटर लावल्यासारखे ते नाव मात्र तीनशे वर्षे समेला हजेरी लावते आहे.

आता बडोद्याचे सांगतो. गायकवाडांच्या दरबारी गवई, वादक, नर्तकी या सर्वांचे मिळून एक खातेच होते, त्याला कलावंत कारखाना म्हणत. कारखाना हा शब्द ऐकून आज हसू येते, पण राज्यकारभारात पीलखाना (हत्तींचे खाते) तसा हा. त्याला लेखी नियम होते, हजेरी होती, आणि मोठमोठ्या कलावंतांनाही त्या चौकटीत राहावे लागे. आश्रय म्हणजे नोकरी, हे शहाण्या कलावंताला कळत असे. मल्हारराव महाराजांना इंग्रजांनी १८७५ साली पदच्युत केल्यावर सयाजीराव महाराज दत्तक म्हणून गादीवर आले. इंग्रजांची नजर सदैव रोखलेली असल्यामुळे, आपले राज्य इंग्रजी मुलखापेक्षाही पुढारलेले आहे हे कामातून दाखवणे, हेच त्यांचे राजकारण झाले. शाळा, ग्रंथालये, आणि त्याच ओघात १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली, पुस्तके छापली. पुढे १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती बडोद्यातच, महाराजांच्या आश्रयाखाली, आणि तिचे सूत्रधार होते पंडित भातखंडे.

यात रचनेवर परिणाम कुठे झाला, असे आपण विचाराल. तर तो असा झाला की जी बंदिश गुरूच्या तोंडून दर वेळी थोडी वेगळी येत असे ती कागदावर एका रूपात थांबली. एका राष्ट्राचे एक संगीत असावे, ते कोणत्याही घरातल्या मुलामुलीला शिकता यावे, ही त्या काळची राष्ट्रीय आकांक्षा होती आणि ती थोरच होती. मी स्वतः तिच्याच जोरावर पोट भरले, मी तिची निंदा कशी करू? परंतु पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मावेल, परीक्षकासमोर पाच मिनिटांत म्हणून दाखवता येईल, अशी बंदिश आपोआप पुढे आली आणि जिच्यात शब्द लयीला कुठे टेकवायचे हे गायकाच्या मर्जीवर होते ती मागे पडली. भातखंड्यांनी स्वतः 'चतुर' या नावाने लक्षणगीते रचली, ज्यांत रागाचे नियमच शब्दांत सांगितलेले असतात. बादशहाचे नाव जिथे येत असे तिथे आता वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार) आले. मला तर असे वाटते की विसाव्या शतकात हिंदुस्थानी बंदिशीवर सर्वांत खोल परिणाम कुणा हुकूमशहाने केला नाही, अभ्यासक्रमाने केला. आणि अभ्यासक्रम हीसुद्धा राज्यकर्त्यांचीच गोष्ट आहे.

फैयाझ खाँसाहेबांचे आपण नाव घेतलेत म्हणून राहवत नाही. ते बडोद्याचे दरबारगायक, पण त्यांच्या 'प्रेमपिया' या मुद्रेच्या (बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावाच्या) ज्या बंदिशी मला येतात त्यांत गायकवाडांचे नाव कुठेही नाही. सदारंगांच्या काळापासून हा केवढा पालट आहे, याचा विचार करावा: नोकरी दरबाराची, सही मात्र स्वतःची. त्यांनी काफीत गायलेले 'वंदे नंदकुमारम्' आपल्या बैठकीत लागले असेलच. एक मुसलमान उस्ताद, मराठी राजाचा नोकर, गुजरातच्या भूमीवर, संस्कृत शब्द होरीच्या रंगात गातो, आणि तेव्हा बडोद्यात कुणाला त्यात काही सिद्ध करायचे आहे असे वाटत नसे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, कलावंत कारखान्याचे जग संपले, आणि पुढच्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खाँसाहेब गेले. २००२ साली त्यांच्या मजारीची नासधूस झाली. त्या आठवड्यात मी शिकवणी बंद ठेवली होती. संचारबंदी होती म्हणून, आणि उघडी ठेवली असती तरी काय शिकवले असते, ते मला सुचले नसते.

देवासवाट

मी इंदूरचा. सुरसागरकाठ यांच्या लेखनाला एक छोटी जोड देतो. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ सालच्या जानेवारीअखेरीस देवासला आले, तेच गांधीजींच्या हत्येचे दिवस. पुढे १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांनी 'गांधी मल्हार' हा राग बांधला. पंडित रविशंकर यांनी तर १९४८ सालीच गांधीजींच्या निधनावर 'मोहनकंस' निर्माण केला होता. शंकेखोर म्हणतील की नाव काढले तर उरले काय? मी एवढेच म्हणेन की कुमारजींनी गांधीजींसाठी भैरवीतली एखादी प्रार्थना बांधली नाही, त्यांनी मल्हार निवडला. शोकाचा किंवा भक्तीचा सरधोपट राग बाजूला सारून पावसाचा राग घेणे, म्हणजे तापलेल्या जमिनीवर काय पडायला हवे आहे ते सांगणे, ही निवड स्वरांतलीच आहे, नावातली नव्हे. कुणी सांगितले म्हणून आणि आपल्याला वाटले म्हणून, यांतला फरक मला अशा ठिकाणी ऐकू येतो.

आणखी एक. आकाशवाणीवर १९४० सालापासून १९७१पर्यंत पेटीला बंदी होती. ती परकीय वाद्य आहे आणि तिच्यात श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे) निघत नाहीत, असे स्वदेशीवाल्यांचे म्हणणे, आणि गंमत अशी की बंदी घातली गेली ती इंग्रजांच्या अमदानीत. आमच्याकडे ज्यांची हयात पेटीच्या साथीत गेली त्यांना रेडिओवर सारंगीबरोबर बसावे लागे. सरकारने एक वाद्य काढून घेतले की गायकाची जागा घेण्याची रीतसुद्धा बदलते. सारंगी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) भरून देते, पेटी देत नाही. यावर कुणी साथसंगत करणाऱ्याने लिहिले तर बरे होईल.

रावपुरा_श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमची बैठक झाली, तिचा वृत्तांत सांगणे माझे कर्तव्य आहे.

मंद्रपंचम यांचा संशय खरा ठरला; गेल्या महिन्यात ऐकलेले ध्वनिमुद्रण बर्नस्टाइन यांचेच होते. काल आम्ही फक्त शेवटची काही मिनिटे दोनदा लावली, आधी ते आणि नंतर रोस्त्रोपोविच यांचे, आणि कोणते कुणाचे हे सांगितले नाही. त्यापूर्वी माझ्या पत्नीने पेटीवर ते चार स्वर आधी कोमल गांधाराने आणि मग शुद्ध गांधाराने वाजवून दाखवले. दुसरे ध्वनिमुद्रण चालू असताना काका पुढे वाकून बसले होते आणि बोटाने गुडघ्यावर तो पंचम मोजत होते. साठाच्या पुढे त्यांनी मोजणे सोडले. संपल्यावर ते म्हणाले, "पहिल्यात मला विजय ऐकू आला होता, आणि तो आजही ऐकू आला. दुसऱ्यात मात्र आमच्या शाखेतल्या वार्षिक समारंभाची आठवण झाली. मोठे साहेब व्यासपीठावरून उतरेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत, असे आम्हाला सांगितलेले असे. हात दुखून येत." तरुण सभासद जिंकल्याच्या थाटात पाहू लागताच त्यांनी लगेच बजावले की पहिले मत त्यांनी मागे घेतलेले नाही.

संथ भाग आम्ही शेवटी लावला, पितळी वाद्ये गप्प असलेला. त्यानंतर कुणी काही बोलले नाही, आणि चहा आणायला उठलेली माझी पत्नीही दारातच थांबली. पुढच्या महिन्यात आठवी तंतुचौकडी आणि तिच्यामागोमाग खाँसाहेबांची काफी, असे ठरले आहे. सुरसागरकाठ, आपण बडोद्यातच आहात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता येणे जमेल का? जिना जरा उभा आहे, पण कठड्याला दोर बांधलेला आहे.